एक्स्टेन्शन शिडी: ७५ अंशांचा नियम काय आहे आणि शिडी घसरते ती नेमकी का?

नाशिकमध्ये शिडीची गरज वर्षभर कुठे ना कुठे पडत असते. जानेवारीत संक्रांतीला तारेत अडकलेला पतंग, मे महिन्यात पावसाआधी पत्र्यावर टाकायची ताडपत्री, गणेशोत्सवात मंडपाची रोषणाई, दिवाळीआधी बंगल्याची रंगरंगोटी. त्यात आता गच्चीवरच्या सोलर पॅनलची साफसफाई आणि गल्लोगल्ली लागणारे सीसीटीव्ही कॅमेरे यांची भर पडली आहे. २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर असल्याने शहरात मंडप, दिवे, फलक आणि रंगकाम यांचा व्याप आणखी वाढणार आहे.

या बहुतेक कामांना बांबूची जुनी शिडी पुरत नाही आणि घडीचा घोडा उंच पोचत नाही. मग शेजाऱ्याकडून, हार्डवेअरच्या दुकानातून किंवा मंडप डेकोरेटरकडून भाड्याने एक्स्टेन्शन शिडी येते. ती आणली जाते, भिंतीला टेकवली जाते आणि कुणीतरी ‘जरा धर रे खाली’ म्हणत चढायला लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी ६ लाख ८४ हजार लोकांचा पडून मृत्यू होतो. अनवधानाने होणाऱ्या दुखापतींच्या मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो. यात सगळ्या प्रकारचं पडणं आलं, पण शिडीवरून पडण्याची एक खासियत आहे. त्यातले बरेच अपघात वर घडत असले, तरी त्यांचं कारण खाली, पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधीच तयार झालेलं असतं. शिडी कुठे टेकवली, किती कलली आणि तिचा पाया कशावर आहे, यावर पुढचं बरंचसं ठरतं.

एक्स्टेन्शन शिडी म्हणजे काय?

एकमेकांवर सरकणाऱ्या दोन, क्वचित तीन भागांची ही शिडी असते. खालचा भाग जमिनीवर उभा राहतो, त्याला पायाभाग म्हणू. वरचा भाग त्याच्यावरच्या खाचांमधून वर सरकतो, त्याला सरकता भाग म्हणू. बंद असताना १२ फुटांची दिसणारी शिडी उघडल्यावर २० फुटांच्या पुढे जाते. ठेवायला आणि न्यायला सोपी, म्हणून ती लोकप्रिय आहे.

तिच्यासारख्या दिसणाऱ्या दोन शिड्या वेगळ्या ओळखायला हव्यात. इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी उघडणारी घडीची शिडी, म्हणजे रंगाऱ्यांचा घोडा, स्वतःच्या पायांवर उभी राहते. तिला भिंत लागत नाही. टेलिस्कोपिक शिडीत एका नळीत दुसरी नळी शिरते आणि प्रत्येक पायरीला स्वतंत्र लॉक असतं. एक्स्टेन्शन शिडी मात्र भिंतीच्या आधाराशिवाय उभीच राहू शकत नाही. त्यामुळे भिंत आणि जमीन हे दोन्ही त्या शिडीचेच भाग आहेत असं समजून त्यांची तपासणी करावी लागते.

तिचे महत्त्वाचे भाग कोणते?

* उभे दांडे: दोन्ही बाजूंचे लांब खांब. ॲल्युमिनियमचे किंवा फायबरग्लासचे असतात.
* पायऱ्या: आडव्या दांड्या. पाय घसरू नये म्हणून त्यांवर रेघा किंवा खाचा असतात.
* पायरी-लॉक: सरकत्या भागाच्या दोन्ही दांड्यांना असलेले आकडे. ते पायाभागाच्या पायरीवर बसतात आणि वरच्या भागाचा भार तोलतात.
* दोरी आणि कप्पी: मोठ्या शिड्यांमध्ये सरकता भाग वर ओढण्यासाठी. विहिरीच्या रहाटासारखंच तंत्र.
* रबरी पाय: खालच्या टोकाला. काही शिड्यांमध्ये हे पाय फिरतात. सपाट फरशीवर रबराची बाजू टेकवायची, मऊ मातीत टोकदार बाजू रुतवायची.

यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे पायरी-लॉक. दोन आकड्यांपैकी एक नीट बसला आणि दुसरा अर्धवट राहिला, तरी शिडी खालून व्यवस्थितच दिसते. माणसाचं वजन आलं की वरचा भाग तिरका होतो किंवा धाडकन खाली सरकतो. म्हणून शिडी उघडल्यावर दोन्ही लॉक डोळ्यांनी पाहायचे. नुसत्या ‘खट्’ आवाजावर विसंबायचं नाही. दोरीही वरच्या भागाचा भार तोलण्यासाठी नसते. भार लॉकवर असतो. उरलेली दोरी खालच्या पायऱ्यांना बांधून टाकायची, म्हणजे ती पायात येत नाही.

किती फुटांची शिडी घ्यावी?

इथे खरेदी करताना सर्रास गोंधळ होतो. १२ फुटांचे दोन भाग म्हणजे २४ फूट उंची, असा हिशेब मांडला जातो. प्रत्यक्षात दोन्ही भाग काही अंतर एकमेकांवर राहावेच लागतात, नाहीतर शिडी मधोमध वाकते. अमेरिकी मानकांनुसार ३६ फुटांपर्यंतच्या दोन भागांच्या शिडीत किमान ३ फूट भाग एकमेकांवर हवा. म्हणजे १२ अधिक १२ फुटांची शिडी उघडल्यावर जास्तीत जास्त २१ फूट भरते.

दुसरी गोष्ट, शिडीवरून गच्चीवर किंवा पत्र्यावर उतरायचं असेल, तर तिचं वरचं टोक कडेच्या किमान ३ फूट वर हवं. नाहीतर शेवटच्या पावलाला हाताने धरायला काहीच उरत नाही, आणि वरून परत शिडीवर येतानाचा क्षण तर त्याहून धोक्याचा असतो.

हे दोन्ही धरून साधारण हिशेब असा येतो:

* टेकण्याची उंची १० फूट: पाया भिंतीपासून अडीच फूट, शिडीची उघडलेली लांबी सुमारे साडेतेरा फूट.
* टेकण्याची उंची १२ फूट: पाया ३ फूट, लांबी सुमारे साडेपंधरा फूट.
* टेकण्याची उंची १६ फूट: पाया ४ फूट, लांबी सुमारे साडेएकोणीस फूट.
* टेकण्याची उंची २० फूट: पाया ५ फूट, लांबी सुमारे २४ फूट.

म्हणजे दुमजली बंगल्याच्या २० फुटांवरच्या गच्चीसाठी १२ अधिक १२ ची शिडी अपुरी पडते, १४ अधिक १४ ची लागते. दुकानदाराला म्हणूनच एक प्रश्न विचारायला हवा: सांगितलेला आकडा दोन्ही भागांची बेरीज आहे की पूर्ण उघडल्यावरची प्रत्यक्ष लांबी?

लांबीइतकीच भारक्षमता महत्त्वाची. ‘ईएन १३१’ या युरोपीय मानकाच्या शिड्यांवर कमाल भार १५० किलो लिहिलेला असतो. अमेरिकी शिड्यांमध्ये घरगुती हलक्या प्रकाराची क्षमता २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो, तर अतिजड कामाच्या प्रकाराची ३०० पौंड, म्हणजे सुमारे १३६ किलो असते. या आकड्यात माणसासोबत त्याची हत्यारं आणि सामानही धरायचं असतं. ७५ किलोचा रंगारी २० लिटर रंगाची भरलेली बादली घेऊन चढला, तर बादलीचेच २५ किलोहून जास्त होतात आणि एकूण भार शंभरी गाठतो.

७५ अंश का? ‘चारास एक’ म्हणजे काय?

शिडीचा जमिनीशी होणारा कोन साधारण ७५ अंश असावा, हा जगभर मानला जाणारा नियम आहे. कोनमापक घेऊन कुणी चढत नाही, म्हणून त्याचं सोपं रूप वापरतात: टेकण्याची उंची जितकी, त्याच्या एक चतुर्थांश अंतरावर पाया. १२ फुटांवर टेकवली तर पाया भिंतीपासून ३ फुटांवर.

याहून सोपी चाचणीही आहे. शिडीच्या पायांना बोटं टेकवून ताठ उभं राहायचं आणि हात खांद्याच्या रेषेत समोर पसरायचे. तळवे सहज पायरीवर पोचले, तर कोन ठीक आहे. पुढे वाकावं लागलं तर शिडी जास्त कललेली आहे. कोपर दुमडावं लागलं तर ती फार उभी आहे.

या नियमामागचं गणित समजून घेतलं, तर शिडी का घसरते तेही कळतं. टेकवलेल्या शिडीवर माणूस चढला की शिडीचा पाया भिंतीपासून दूर सरकू पाहतो. त्याला रोखून धरते ती फक्त जमिनीशी होणारी घर्षणशक्ती. भिंत गुळगुळीत आहे असं मानून आणि शिडीचं स्वतःचं वजन बाजूला ठेवून हिशेब केला, तर ७० किलोचा माणूस टेकण्याच्या जागेपर्यंत चढल्यावर पायावर येणारा सरकवणारा जोर असा निघतो:

* ७५ अंशांना: सुमारे १९ किलोइतका
* ६० अंशांना: सुमारे ४० किलोइतका
* ४५ अंशांना: सुमारे ७० किलोइतका, म्हणजे माणसाच्या पूर्ण वजनाएवढा

कोन फक्त १५ अंशांनी कमी झाला की जोर दुपटीहून वाढतो. पण खरी मेख पुढे आहे. हा जोर माणूस जसजसा वर जातो तसतसा वाढत जातो. ६० अंशांच्या शिडीवर तोच माणूस पाव उंचीवर असताना जोर जेमतेम १० किलोइतका असतो. चढता चढता तो चौपट होतो.

म्हणूनच ‘चार पायऱ्या चढून पाहिलं, शिडी हलत नाही, म्हणजे पक्की आहे’ हा समज फसवा आहे. खालच्या पायऱ्यांवर चुकीच्या कोनातली शिडीही घट्ट वाटते. ती सटकते तेव्हा माणूस सगळ्यात वर असतो.

उलट, जागा कमी आहे म्हणून शिडी जवळजवळ सरळ उभी केली, तर ती पायातून घसरत नाही, पण मागे कलंडते. वरच्या पायरीवर थोडं मागे झुकलं किंवा भिंतीला ड्रिल मशीनने जोर दिला, तरी तेवढं पुरतं.

नाशिकच्या घरांत आणि गल्ल्यांत कुठे अडचण येते?

*ओली शहाबादी आणि गुळगुळीत टाइल्स:* बंगल्याच्या पार्किंगमध्ये आणि मागच्या मोकळ्या जागेत शहाबादी फरशी किंवा चकचकीत टाइल्स असतात. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं. कोरड्या काँक्रीटवर रबरी पाय जशी पकड घेतात, तशी इथे घेत नाहीत. आधी जागा घासून, पुसून कोरडी करायची. खाली गोणपाट किंवा पायपुसणं टाकणं तर धोकादायकच, कारण शिडी त्या कापडासकट सरकते.

*काळी माती:* निफाड, दिंडोरीकडच्या शेतात कोरडी असताना दगडासारखी कडक वाटणारी काळी माती पावसानंतर मऊ होते. एक पाय रुतला की शिडी बाजूला झुकते. दोन्ही पायांखाली एकच रुंद, जाड फळी घातली तर भार पसरतो. एका पायाखाली वीट किंवा दगडाची चकती सरकवणं हा उपाय नाही. जमीन उतरती असेल तर उंचवट्याची बाजू खणून समपातळीत आणायची किंवा पाय कमी-जास्त करता येणारी शिडी वापरायची.

*जुन्या नाशिकच्या गल्ल्या:* भद्रकाली, सराफ बाजार, पंचवटी भागातल्या काही बोळांत दोन घरांमध्ये जेमतेम काही फूट अंतर असतं. चारास एकच्या नियमाने ३ फुटांच्या बोळात १२ फुटांपेक्षा वर शिडी टेकवताच येत नाही. २० फुटांवर जायचं तर ५ फूट मोकळी जागा हवी. तेवढी नसेल तर शिडी सरळ उभी करणं हा मार्ग नाही. अशा ठिकाणी घराच्या आतून, खिडकीतून किंवा माडीवरून पोचता येतं का ते पाहायचं, किंवा परांची बांधायची.

*पन्हळ, पीव्हीसी पाइप आणि काच:* शिडीचं वरचं टोक भक्कम आधारावरच टेकलं पाहिजे. पत्र्याची पन्हळ, पावसाच्या पाण्याचा पाइप, खिडकीची काच किंवा जुन्या वाड्याची लाकडी कलाकुसर हा आधार नव्हे.

*सिमेंटचे पत्रे:* शिडी पक्की असली तरी वर गेल्यावर जुना सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटू शकतो. सातपूर, अंबडच्या शेडपासून गावाकडच्या गोठ्यांपर्यंत असे पत्रे आहेत. त्यावर थेट पाय द्यायचा नाही. खालच्या लोखंडी किंवा लाकडी आडव्या आधारांवर टेकणाऱ्या लांब फळ्या टाकूनच चालायचं.

शिडी उभी करायची कशी?

1. आधी वर पाहायचं. तारा, फांद्या, फलक कुठे आहेत ते हेरायचं. मग खाली पाहायचं.
2. शिडी बंद असतानाच जमिनीवर आडवी ठेवायची. तिचे पाय भिंतीच्या बुडाशी टेकवायचे किंवा दुसऱ्या माणसाने पायाने दाबून धरायचे.
3. वरचं टोक उचलून, एकेका पायरीवर हात सरकवत शिडीखालून पुढे चालत ती उभी करायची. १६ फुटांपेक्षा लांब शिडी एकट्याने उचलू नये. वाऱ्यात तर नाहीच.
4. उभी झाल्यावर पाया भिंतीपासून योग्य अंतरावर ओढायचा.
5. मग सरकता भाग वर न्यायचा. त्या वेळी शिडीवर कुणीही नको आणि बोटं पायऱ्यांच्या मधे नकोत. वरचा भाग खाली येताना दोन पायऱ्यांची कात्री होते आणि बोटं चिरडली जातात.
6. दोन्ही लॉक बसल्याची खात्री करून शिडी टेकवायची. बहुतेक ॲल्युमिनियम शिड्यांमध्ये सरकता भाग चढणाऱ्याच्या बाजूला येतो. शिडीवरच्या लेबलवर चित्र असतं, तसंच ठेवायचं. काही शिड्या उलट्या टेकवल्या तर लॉक नीट काम करत नाहीत.
7. उंची बदलल्यामुळे कोन पुन्हा तपासायचा.
8. शिडी बांधायची. पहिल्यांदा वर जाणाऱ्याच्या वेळी खाली दुसरा माणूस हवा. वर पोचल्यावर दोन्ही दांडे कठड्याच्या लोखंडाला किंवा तशाच पक्क्या वस्तूला दोरीने बांधायचे.

आठव्या पायरीबद्दल थोडं जास्त. खाली एक जण धरून उभा आहे एवढ्यावर बहुतेक घरांत समाधान मानलं जातं. पण ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा यंत्रणेच्या मार्गदर्शनातही शिडी धरून उभं राहणं हा सगळ्यात शेवटचा पर्याय मानला आहे. उंच शिडी एकदा बाजूला कलू लागली की खालच्या माणसाची ताकद ती थांबवू शकत नाही, आणि वरचा माणूस त्याच्याच अंगावर पडतो. शिवाय धरणारा बहुधा दोन मिनिटांत मोबाइल काढतो. दोरीचं लक्ष विचलित होत नाही.

चढताना काय पाळायचं?

त्र्यंबकेश्वरजवळच्या हरिहर गडावर गेलेल्यांना हा नियम वेगळा शिकवावा लागत नाही. तिथल्या कातळातल्या खड्या पायऱ्यांवर हाताच्या पकडीसाठी खाचा कोरलेल्या आहेत. चढतानाच नव्हे तर उतरतानाही तोंड कातळाकडे ठेवावं लागतं आणि एक हात किंवा एक पाय हलवताना बाकीचे तीन टेकलेले असतात. शिडीलाही हाच ‘तीन आधारांचा’ नियम लागू आहे. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, सतत शिडीवर.

* हातात काही घेऊन चढायचं नाही. हत्यारं कमरेच्या पट्ट्यात, जड वस्तू वर पोचल्यावर दोरीने ओढून घ्यायची.
* वरच्या तीन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही.
* बाजूला झुकायचं नाही. कमरपट्ट्याचं बक्कल दोन दांड्यांच्या मधेच राहिलं पाहिजे. हात पोचत नसेल तर उतरून शिडी सरकवायची. कंटाळा येतो तो इथेच, आणि पडतातही इथेच.
* एका वेळी एकच माणूस.
* स्लिपर, ओले बूट, लुंगी, मोकळा पदर, लोंबती ओढणी नको.
* चक्कर, रक्तदाबाचा त्रास, झोप आणणारी औषधं, दारू, यांपैकी काही असेल तर चढायचं नाही.
* एका जागी सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त काम असेल, तर शिडीऐवजी परांचीचा विचार करायचा.

तारा जवळ असतील तर?

ॲल्युमिनियम विजेचं उत्तम वाहक आहे. २० फुटांची शिडी उभी करताना तिचं टोक किती लांबवर फिरतं याचा अंदाज खालून येत नाही. ती सरळ असते तेव्हा टेकवल्यावरच्या उंचीपेक्षा वर पोचते, आणि तोल गेला तर रस्त्याच्या दिशेनेही पडू शकते.

उघड्या तारांपासून किमान ३ मीटर, म्हणजे १० फूट, अंतर राखावं, असा सर्वसाधारण नियम आहे. हे अंतर माणसाचं, शिडीचं आणि हातातल्या वस्तूचंही. उच्चदाबाच्या तारेला स्पर्श व्हायचीही गरज नसते, फार जवळ गेल्यावर ठिणगीची उडी पडू शकते.

विजेजवळचं काम असेल तर फायबरग्लासची शिडी वापरतात. तीही कोरडी आणि स्वच्छ असेल तरच भरवशाची. बांबू आणि लाकूड ‘वीज नेत नाही’ हा समज ओल्या शिडीला लागू होत नाही. फायबरग्लास असो वा लाकूड, चालू लाइनचं काम घरच्या माणसाने किंवा केबलवाल्याने करायचं नसतंच. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवून पुरवठा बंद करून घेणं हाच मार्ग.

संक्रांतीच्या दिवसांत नाशिक आणि येवल्यात हा धोका सगळ्यात मोठा असतो. येवल्याचा पतंगोत्सव तर राज्यभर प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तारांवर, झाडांवर गुंतलेला मांजा दर जानेवारीत दिसतोच. पतंगासाठी मुलं आणि अडकलेल्या पक्ष्यासाठी मोठी माणसं शिडी घेऊन तारांजवळ जातात. पक्षी अडकलेला दिसला तर अग्निशमन दलाला १०१ वर कळवावं.

शिडी तारेला लागून कुणाला धक्का बसला, तर त्या माणसाला किंवा शिडीला हात लावायचा नाही. आधी वीजपुरवठा बंद होणं गरजेचं. तोवर इतरांनाही दूर ठेवायचं.

अग्निशमन दलाची शिडी वेगळी असते का?

तत्त्व तेच, बांधणी वेगळी. देशातल्या अनेक अग्निशमन गाड्यांच्या छतावर दिसणारी सुमारे ३५ फुटी शिडी ही एक्स्टेन्शन शिडीच असते. अग्निशमन दलाच्या ॲल्युमिनियम एक्स्टेन्शन शिडीसाठी ‘आयएस ४५७१’ हे स्वतंत्र भारतीय मानक आहे. ती उभी करण्याचा जवानांना पथकाने सराव दिला जातो. कोण पायाशी, कोण दोरीवर आणि कोण वर, हे ठरलेलं असतं.

तिची पोच साधारण दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यापर्यंत. त्याहून उंच इमारतींसाठी ट्रकवर बसवलेली हायड्रॉलिक शिडी लागते, ते पूर्ण वेगळं यंत्र आहे. आगीच्या वेळी घरातली शिडी लावून वरच्या मजल्यावरच्या लोकांना उतरवण्याचा प्रयत्न अनेकदा होतो. घाबरलेला माणूस खिडकीतून एकदम शिडीवर येतो तेव्हा शिडीला बाजूने झटका बसतो, हे लक्षात घ्यायला हवं. अशा वेळी १०१ वरचा फोन सगळ्यात आधी.

विकत घेताना, भाड्याने आणताना काय तपासायचं?

* दांडे वाकलेले, पिचलेले किंवा तडकलेले नाहीत ना. शिडी जमिनीवर आडवी ठेवून एका टोकाकडून डोळा लावून पाहिलं की वाक दिसतो.
* सगळ्या पायऱ्या घट्ट आहेत ना. एकही पायरी हाताने फिरली तर शिडी परत.
* दोन्ही लॉकच्या स्प्रिंग काम करतात का.
* दोरी झिजलेली, सुटलेली नाही ना. कप्पी मोकळी फिरते का.
* रबरी पाय दोन्ही आहेत का. एक झिजलेला, एक नवा असला तरी शिडी डुलते.
* भारक्षमतेचं लेबल वाचता येतं का.

वाकलेला ॲल्युमिनियमचा दांडा ठोकून सरळ केला, तर तो सरळ दिसतो पण आतून कमकुवत झालेला असतो. तुटलेल्या पायरीला तार गुंडाळणं, दोन शिड्या दोरीने जोडून लांबी वाढवणं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा टेबलावर शिडी उभी करणं, हे सगळे ‘जुगाड’ याच यादीत मोडतात. लाकडी शिडीला ऑइलपेंट लावू नये, कारण त्याखाली चिरा झाकल्या जातात. फायबरग्लासची शिडी उन्हात पडून राहिली की पृष्ठभागावर बारीक धागे उघडे पडतात. ठेवताना शिडी सावलीत, आडवी आणि दोन-तीन ठिकाणी आधार देऊन ठेवावी.

कायदा काय सांगतो?

शिडीच्या सुरक्षित वापरासाठी भारतीय मानक ब्युरोचं ‘आयएस ३६९६, भाग २’ हे मार्गदर्शक मानक आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या कलम ३२ नुसार, पडण्याची शक्यता असलेल्या उंचीवर कामगाराला काम करावं लागत असेल, तर शक्य तितकी सुरक्षेची तजवीज करणं व्यवस्थापनाची जबाबदारी होती. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६ च्या कायद्याखालच्या केंद्रीय नियमांमध्ये शिडीसाठी स्वतंत्र तरतुदी होत्या. हे दोन्ही कायदे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेत एकत्र करण्यात आले.

पण या तरतुदींचा भर कारखान्यांवर आणि मोठ्या बांधकामांवर आहे. स्वतःच्या घराच्या छोट्या दुरुस्तीपर्यंत त्यांची कक्षा पोचत नाही. रोजाने आलेला रंगारी, कॅमेरा लावणारा मुलगा, मंडपाचे दिवे बांधणारा मजूर यांच्याबाबतीत शिडी कशी आहे हे पाहणारा कुणी अधिकारी नसतो. तिथे ‘थांबा, आधी शिडी बांधा’ असं म्हणू शकेल असा माणूस एकच, तो म्हणजे काम देणारा. घाई नको, शिडी भाड्याची लागली तर तिचे पैसे वेगळे देतो, एवढं त्याने आधीच सांगितलं तर कामगारालाही जुगाड करावा लागत नाही.

कुणी पडलंच तर?

मान किंवा पाठ दुखत असेल, हातपाय बधिर वाटत असतील किंवा माणूस बेशुद्ध असेल, तर त्याला उचलून बसवायचं नाही, रिक्षात घालून न्यायचं नाही. मणक्याला इजा असेल तर त्या हलवण्याने ती वाढते. १०८ वर रुग्णवाहिका बोलवायची, श्वास सुरू आहे का पाहायचं, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरायचं आणि त्याला शक्य तितकं स्थिर ठेवायचं. डोक्याला मार लागून माणूस लगेच बरा वाटला, तरी पुढच्या काही तासांत उलटी, गुंगी किंवा तीव्र डोकेदुखी सुरू झाली तर तातडीने दवाखाना गाठायचा.

थोडक्यात, चढण्याआधी सहा प्रश्न

1. वर तारा आहेत का? १० फुटांचं अंतर आहे का?
2. जमीन सपाट, कोरडी आणि कडक आहे का?
3. उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर पाया आहे का?
4. दोन्ही लॉक बसलेले डोळ्यांनी पाहिले का?
5. टोक कडेच्या ३ फूट वर आहे का, आणि बांधलं आहे का?
6. दोन्ही हात मोकळे आहेत का?

या सहा प्रश्नांना पाच मिनिटं लागतात. एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल, तर ते जमिनीवर असतानाच दुरुस्त करायचं.